रघुवीरबाबचं सतरावं पान

परवा आमच्या गटावर एका नव्या मुलीने आपल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण टाकलं. पंचवीस पानं. दहा मिनिटांत खाली पाच अभिप्राय हजर. छान, खूप छान, अप्रतिम, जोडलेले हात आणि एक फुलांचा गुच्छ. दहा मिनिटांत पंचवीस पानं! मेल्यांनो, माझ्या शाळेतली पोरं नावडत्या धड्यालासुद्धा याहून जास्त वेळ देतात. पण मी काही लिहिलं नाही. हल्ली ओरडायचाही कंटाळा येतो. रघुवीरबाब असते तर दुपारी चारला त्यांचं एकच वाक्य आलं असतं, "पान अकरावर हात घातला, माती आहे," आणि सगळे गपगार झाले असते. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले.

हा गट मीच काढलेला, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करू? मी पेडण्यातल्या एका हायस्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. आमच्याकडे लिहिणारे पुष्कळ. गावागणिक एक नाटककार आणि दोन कवी. पण लिहिलेलं प्रकाशकाकडे धाडण्याआधी कुणा परक्याच्या डोळ्यांखालून जावं, त्याने चुका दाखवाव्यात, अशी सोय नव्हती. म्हणून ऑनलाइन गट केला. बाहेरच्या कुणाला तो दिसत नाही, कारण एकदा सगळ्यांसाठी उघडं टाकलं की काही प्रकाशक म्हणतात, हे तर छापून झालं. नियम दोनच. आपलं एक प्रकरण टाकायचं तर आधी दुसऱ्यांची दोन वाचायची. आणि कुणी काहीही बोललं तरी लेखकाने तीन दिवस तोंड उघडायचं नाही. हा दुसरा नियम करावा लागला, कारण आमचे लेखक अभिप्राय वाचण्याआधीच भांडायला कंबर कसून उभे असायचे.

रघुवीर मळीक गटात आले तेव्हा त्यांनी ओळख करून दिली ती अशी: "मी पाळीचा. खाणीवर सँपलर होतो. खाण बंद झाली, मी पण बंद झालो. आता वाचतो."

सँपलर म्हणजे काय, हे आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आमचं पेडणं म्हणजे समुद्र, माड आणि मांद्र्याकडे निघालेले पर्यटक. खाणीचा पट्टा डिचोलीत, त्यांचं पाळी गाव तिकडचंच. मग त्यांनीच समजावलं. खाणीवर लोखंडाच्या मातीचा ढीग लागतो, नाहीतर डोंगराच्या उतारावर चर मारतात. त्यातून थोडी माती घ्यायची, पिशवीत भरायची आणि लॅबमध्ये पाठवायची. पिशवीवर लेबल बांधायचं आणि तसंच दुसरं आत टाकायचं, कारण बाहेरचं पावसात जातं. त्या मूठभर मातीवरून ठरतं, इथे माल आहे की नाही आणि डोंगर फोडायचा की ठेवायचा.

"ढिगाच्या वरचं कधी घ्यायचं नाही," ते म्हणायचे. "वरचं वाऱ्याने धुतलेलं असतं. पायथ्याचं घ्यायचं नाही, तिथे गडगडून आलेलं असतं. कोपरापर्यंत हात आत घालायचा. जीवावर येतं, पण घालायचा."

गोष्टीसुद्धा ते असंच वाचायचे. आमच्यातला एक लेखक पहिलं पान घासून घासून चकचकीत करायचा, शेवटच्या पानावर डोळ्यांत पाणी आणायचा. रघुवीरबाब पहिल्यांदा मधलंच पान उघडायचे. ते टिकलं, तर मागे जाऊन अख्खं प्रकरण वाचायचे, दोनदा वाचायचे. नाही टिकलं, तरी वाचायचे, पण मग खैर नसायची. अभिप्राय दुपारच्या झोपेनंतर, चारच्या ठोक्याला. मुलाच्या जुन्या टॅबवर एका बोटाने लिहिलेला, त्यामुळे शब्द मोजके. माल असेल तर "माल आहे". नसेल तर "माती". आणि लेखकाने दुसऱ्याचं काही ढापून घुसडलंय असा वास आला, की "नमुना बाद, परत घे". या तीन शेऱ्यांवर भल्याभल्यांची झोप उडायची.

पण माणूस कडू नव्हता हो. आमच्यात दशरथ नावाचा एक फिटर आहे, मूळचा कोल्हापूरकडचा, डिचोलीजवळच्या कारखान्यात कामाला. त्याने भीत भीत एक गोष्ट टाकली. शुद्धलेखन देवाच्या भरवशावर. लोक तुटून पडले. एकीने तर त्याला आधी शाळेत परत जायला सांगितलं. तीन दिवस दशरथ नियमाप्रमाणे गप्प, आणि मला वाटलं, हा गेला आता. चौथ्या दिवशी चारला रघुवीरबाबचं आलं: "पान चार, ओळ नऊ ते अकरा. आई पोराचा डबा भरताना चपाती दुमडते तिथे. इथे माल आहे. बाकी वरची माती, काढून टाक. इथून खण." दशरथने तसंच खणलं. ती गोष्ट पुढे एका दिवाळी अंकात आली. अंक हातात आला त्या दिवशी तो सुट्टी टाकून पाळीला गेला आणि म्हाताऱ्याच्या पाया पडला. म्हातारा म्हणाला, "पाया कसले पडतोस, पान चाळीसवर अजून माती आहे."

महिन्यातून एकदा आम्ही जवळपासचे लोक माझ्या शाळेच्या वाचनालयात प्रत्यक्ष भेटायचो. रघुवीरबाब दोन बसगाड्या बदलून यायचे. काखेत कापडी पिशवी, तीही खाणीवरचीच, नमुन्याची. आत आमच्यासाठी उंडे, पोदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या भट्टीतले गोल कडक पाव. "तुमच्या पेडण्याच्या पोदेराचे उंडे म्हणजे कापूस," हे दर वेळी ऐकवायचे. मी दर वेळी चिडायचे. मग चहात बुडवून तेच उंडे आम्ही खायचो आणि खरं सांगायचं तर ते चांगले असायचे.

त्यांच्या स्वतःच्या कादंबरीचं नाव 'वयली झर'. वयली म्हणजे वरची. पाळीच्या त्यांच्या वाड्याच्या वर डोंगरात एक झर होती, बारमाही. तिचं पाणी अख्खा वाडा प्यायचा. खाण सरकत सरकत वर आली आणि झर गेली. त्यावर हा माणूस नोकरी संपल्यापासून लिहीत होता. त्याचं पुस्तक व्हावं एवढी एकच इच्छा. "माझ्या नातवंडांना झर दाखवायला माझ्याकडे जागा नाही गो," ते मला एकदा म्हणाले, "पुस्तक तरी दाखवतो."

त्यांनी दुसरं प्रकरण टाकलं तेव्हाची गंमत सांगते. अकरा जणांनी वाचून अभिप्राय दिले. मीही दिला, चांगला लांबलचक, ओघवती शैली वगैरे. चौथ्या दिवशी म्हाताऱ्याने लिहिलं: "पान सहा आणि पान नऊ एकच आहे. मी मुद्दाम दोनदा घातलं. अकरांपैकी कुणाला दिसलं नाही." मग खाली खुलासा. लॅबवाले पेंगायला लागले, की खाणीवरचे साहेब एकच माती दोन पिशव्यांत दोन नावांनी पाठवायला लावायचे. दोन्हींचा निकाल वेगळा आला की समजायचं, तपासणारा झोपलाय.

मला इतकी लाज वाटली! दोन दिवस मी गटावर तोंड दाखवलं नाही. नियम करणारी मी आणि झोपलेलीही मीच. भेटल्यावर म्हटलं, "बाब, असं चारचौघांत नाक कापायचं असतं का?" ते उंडा मोडत म्हणाले, "नाक आहे तिथेच आहे. वाच बरें."

त्यानंतर मी त्यांची कादंबरी अक्षर न् अक्षर वाचली आणि एक खोट काढली. गोष्टीत एक सँपलर आहे. झरीच्या वरच्या उतारावर तो चर मारतो, नमुना घेतो, नमुना उत्तम निघतो आणि यंत्रं येतात. बस्स. तो काही करतच नाही. मी लिहिलं, "नायकाने काहीतरी करायला हवं. झर वाचवण्यासाठी त्याने नमुना बदलला तर? वाईट माती पिशवीत भरली तर?" गटातल्या सगळ्यांनी उचलून धरलं. कुणी म्हणालं, इथेच तर संघर्ष आहे. कुणी म्हणालं, वाचकाला हेच हवं असतं. रघुवीरबाब तीन दिवस गप्प. चौथ्या दिवशी एकच शब्द: "बघतो."

आठ महिने त्यांनी घेतले. नवा खर्डा आला आणि आम्ही सगळे थक्क झालो. नायक पिशवी बदलतो, पकडला जातो, नोकरी जाते, पण झर वाचते. शेवटी वाड्यातली बाई घागर भरते. मी रडले. या वेळी खरोखर सगळ्यांनी वाचलं होतं. त्यांच्या संमतीने मी तो खर्डा एका प्रकाशकाकडे पाठवला आणि दोन महिन्यांत होकार आला! गटावर नुसती दिवाळी. आमच्या गटातून निघणारं ते पहिलं पुस्तक. मी वाचनालयात त्यासाठी एक जागासुद्धा मोकळी करून ठेवली. आणि करारावर सही करायची वेळ आली तेव्हा चारच्या ठोक्याला गटावर शेरा पडला, स्वतःच्याच कादंबरीवर.

"नमुना बाद. परत घ्यावा लागेल."

मी चिडले म्हणजे काय, तिरमिरीतच रविवारी सकाळी पाळीला गेले. लोक एका पुस्तकासाठी जन्मभर वाट बघतात आणि या माणसाला दारात आलेलं पुस्तक नको! सुनेने चहा दिला तो तसाच ठेवला. म्हटलं, "बाब, हे काय आरंभलंय?" ते चपला घालून निघाले. मी मागोमाग. वाड्याच्या वरच्या अंगाला पायवाट होती, ती एकाएकी संपली. पुढे खाणीचा खड्डा. सरळ कापलेला, तांबडा, तळाशी हिरवट पाणी.

"झर कुठे होती?" मी विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं ते खाली नाही, समोर. खड्ड्यावरच्या रिकाम्या हवेत. डोंगरच नव्हता, तर झर कुठे दाखवणार? तिची जागा आता हवेत होती, दोन माड उंचीवर.

"तुझा माणूस पिशवी बदलतो," ते म्हणाले. "झर वाचते. लोक पुस्तक मिटतील आणि बरें वाटून घेतील. मगे हे कोणी खाल्लं, सांग बघू?"

"पण ती कादंबरी आहे, बाब. कल्पना केलेली चालते."

"चालते गो. दुसऱ्याची चालते. ही माझी पिशवी. माझ्या पिशवीत मी दुसऱ्या डोंगराची माती भरली. तुम्ही सगळ्यांनी माल आहे म्हटलं. मला पण वाटला. म्हणून तर भीती वाटली."

मी परत बोललेच. वय झालंय, डोळे अधू, पुन्हा कधी होकार येईल? ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "मी पिशवी बदलली नाही, मंगलबाय. तेवढंच एक माझ्याकडे आहे सांगायला." परत येऊन मी गार झालेला चहा प्यायले. प्रकाशकाला कळवलं. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं, तोच खर्डा असेल तर छापू, नाहीतर क्षमस्व. पुस्तक गेलं. वाचनालयातली ती जागा मी पुन्हा भरून टाकली.

त्यांनी मात्र लिहायला घेतलं. पहिल्यापासून. एका डोळ्यात मोतीबिंदू, टॅबवरची अक्षरं सुपाएवढी मोठी केलेली. दुसऱ्यांचं वाचणंही चालूच. मधल्या काळात गट सुकत गेला. गटातल्या चाळीस जणांतले आठ-दहाच काही लिहायचे. दोन वाचायच्या नियमाची कुणी फिकीर करेना. मीही थकले होते. शाळेत पुस्तकांची वार्षिक मोजदाद, घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि फोन उघडला की कुणाचं तरी प्रकरण तोंड वासून बसलेलं. वाचायची गोडी असते ना, तीच निघून गेली होती.

अशात एका दुपारी त्यांचं झरीचं प्रकरण आलं. नव्याने लिहिलेलं. बत्तीस पानं. खाली एक ओळ, एरवी ते कधी लिहायचे नाहीत अशी: "कुणीतरी वाचा."

मी उघडलं. पहिली दोन पानं वाचली. शेवटचं पान वाचलं. आणि, माझ्याच तोंडाने सांगते आता, एवढ्यावर अभिप्राय लिहिला. इतकी वर्षं हेच करत आल्यावर तसा लिहिता येतो. "भाषा संयत आहे. शेवट अंगावर येतो. पूर्वीच्या खर्ड्यापेक्षा प्रामाणिक." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दुसऱ्या कुणी काही लिहिलं नाही. दोन फुलं आली तेवढीच.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी चारला त्यांचा फोन. ते फोन कधी करत नसत.

"काय गो मंगलबाय, वाचलंस?"

"वाचलं की, बाब. लिहिलंय ना."

"ते पान सतरा दोनदा आलंय. मी परत तसंच केलं. दिसलं तुला?"

माझ्या तोंडातून लगेच निघालं, "हो, दिसलं हो. म्हटलं तुमची जुनीच खोड, म्हणून बोलले नाही."

ते म्हणाले, "बरें." आणि सासूची चौकशी करून फोन ठेवला.

मी तशीच टेबलाशी बसून फाईल उघडली. पान सोळा, सतरा, अठरा. पुढे एकोणीस. मागे गेले, पुढे गेले, पहिल्यापासून बत्तिसापर्यंत दोनदा बघितलं. कुठलंच पान दोनदा आलेलं नव्हतं.

मग पान सतरा वाचलं. सँपलरला साहेब विचारतो, आज चर कुठे मारूया? डोंगर केवढा पसरलेला. साहेबाला सगळे उतार सारखेच. आणि सँपलर झरीवरचा उतार दाखवतो. का, तर तिथे सावली होती आणि तहान लागली की पाणी जवळ होतं. दुसरं काही कारण नव्हतं. उन्हात पलीकडे चढायचा त्याला कंटाळा आला होता. नमुना भरून झाल्यावर त्याने त्याच झरीत हात धुतले, पाणी प्यायला आणि पिशवी खांद्यावर टाकून खाली आला. पानाच्या शेवटी लिहिलं होतं: "निकाल काय आला ते सँपलरला कोणी सांगत नाही. यंत्रं आली तेव्हा कळलं. आजवर हे कुणाला बोललो नाही. वाचणाऱ्याने मला एवढंच सांगावं, तू असतास तर कुठे चर मारला असतास?"

खड्ड्याच्या काठावर उभे असतानाही हे ते मला बोलले नव्हते. इतकी वर्षं ते याच एका पानाभोवती फिरत होते. ते लिहून त्यांनी आमच्यासमोर ठेवलं, कुणीतरी वाचा म्हणाले आणि मी वरचं आणि पायथ्याचं घेऊन मोकळी झाले. मला माझीच शिसारी आली. फोन करायला धजले नाही. काय म्हणून करणार होते?

आठवड्यानंतर सासूच्या औषधांसाठी डिचोलीला गेले होते, तर बसस्टँडवर रघुवीरबाब. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मोठा काळा चष्मा, काखेत तीच पिशवी. माझ्याकडे बघून हसले, जणू काही झालंच नव्हतं. पिशवीतून दोन उंडे काढून हातावर ठेवले. "घे, तुझ्या सासूला. चहात बुडवून दे, चावणार नाहीत तिला."

मी उंडे धरून उभी. पाळीची बस आली, कंडक्टर ओरडायला लागला. मी म्हटलं, "बाब, पान सतरा वाचलं."

"कधी?"

"फोन ठेवल्यावर. त्याआधी नाही."

"बरें."

"मी सुद्धा सावलीतच गेले असते, बाब. गेलेच की."

त्यांनी काळा चष्मा थोडा वर करून माझ्याकडे नीट बघितलं. नवीनच दिसायला लागलेला तो डोळा ओला होता, ऑपरेशनमुळे की कसा, मला कळलं नाही. तोंड उघडलं, मग काहीतरी आठवल्यासारखे थांबले. पिशवी सावरून बसमध्ये चढले. खिडकीपाशी बसल्यावर हात बाहेर काढला आणि तीन बोटं दाखवली. तीन दिवस. लेखकाने बोलायचं नसतं.

चौथ्या दिवशी चार वाजता मी फोन समोर घेऊन बसले. साडेचारला वाजला, तो त्यांच्या सुनेचा होता.